वळणावर दोघंच

आमच्या खानावळीत येऊन सिरिलला लढाईबद्दल विचारायचं म्हणजे समोरचं ताट गार करून घ्यायचं. माझाच नवरा आहे म्हणून सांगते. एरवी दिवसभरात धड चार वाक्यं बोलणार नाही, पण एक्याण्णवच्या जूनचा विषय काढा, की मिठाची बरणी रणगाडा होते, काटे-चमचे ओंडक्यांचे ट्रक होतात आणि मी धुऊन इस्त्री केलेला टेबलक्लॉथ म्हणजे झाग्रिचचं वळण. बशी उचलायला गेलं तर ओरडतो, "अगं सिल्वा, तिथे माझी माणसं आहेत!"

"तुझी माणसं सरकव," मी म्हणते, "मला सूप ठेवायचंय."

पण यंदा विचारायला आली ती लष्करी शाळेतली मेजर. नेझा तिचं नाव. पस्तिशीची असेल. केस घट्ट बांधलेले, बोलणं मोजकं, जेवण मात्र पोटभर. त्यामुळे मला आवडली. नव्या अधिकाऱ्यांना शिकवण्यासाठी ती पुस्तक करत होती. जुन्या संघराज्यातून फुटून आपला देश वेगळा झाला तेव्हाची लढाई नीट आखलेली होती का, आणि आखली तशी लढली गेली का, हे तिला ठरवायचं होतं. कुठली चकमक पुस्तकात धडा म्हणून घ्यायची आणि कुठली सोडून द्यायची, तेही तिच्याच हातात. आमच्या वळणाचं अजून ठरायचं होतं.

सिरिलनं त्या पुस्तकाचा ध्यासच घेतला. स्वतःसाठी नव्हे हो, ओझ्बेयसाठी. ओझ्बेय आमचा गावचा न्हावी. त्या दिवशी वळणावर सिरिलच्या सोबत तो होता, आणि ह्या हिवाळ्यात तो गेला. शेवटच्या दिवसांत सिरिल त्याच्या खाटेशी बसून असायचा. तेव्हा त्यानं सिरिलचा हात धरून सांगितलं, "आपलं वळण पुस्तकात आलं, की थडग्यावर येऊन मला सांग. आणि जरा मोठ्यानं सांग, मला ऐकू कमी येतं."

आमच्या भाषेत दोघांसाठी वेगळा शब्द आहे, मिद्वा. मिद्वा म्हणजे आम्ही दोघंच. तिसरा आला की शब्द बदलला. क्रियापदंसुद्धा दोघांसाठी वेगळी. पोरं आईच्या दुधाबरोबरच ते शिकतात. मुद्दाम कुणी शिकवत नाही. सिरिलची वळणाची गोष्ट नेहमी मिद्वानंच सुरू व्हायची. "मिद्वा ओंडक्यांच्या मागे बसलो होतो..." ओझ्बेयला पुरून आलो त्या दिवशी लोकांनी गोष्ट सांग म्हणून आग्रह केला. त्यानं तोंड उघडलं, मिद्वा म्हणाला आणि तिथेच गप्प झाला. त्यानंतर तो शब्द त्यानं वळणाच्या गोष्टीत उच्चारला नाही. 'मी बसलो होतो' म्हणायला लागला. मला ते ऐकवत नसे.

नेझाला सगळं सांगताना मात्र त्याला चांगलाच जोर चढला, आणि खोटं कशाला बोलू, आखणी होतीच तशी. देश वेगळा होणार हे दिसायला लागलं, तेव्हा जुन्या फेडरल लष्करानं गावागावांतल्या रक्षक दलाच्या बंदुका गोळा करायला सुरुवात केली. आमच्या लोकांनी अर्ध्याअधिक लपवल्या. आमच्या गावातल्या मधमाश्यांच्या पेट्यांखाली होत्या. शोधायला आलेल्या शिपायांनी घोंघावणं ऐकलं आणि लांबूनच सलाम ठोकला. कुणाला किती सांगायचं हेही ठरलेलं. मला सिरिल इतकंच म्हणाला, की जव आणि घेवडा भरून ठेव, लग्न आहे.

"कुणाचं?"

"देशाचं."

हातातलं फडकं फेकून मारलं मी त्याला. पण जव भरले. पोस्टातल्या बाईला सांगून ठेवलं होतं, की लष्कराच्या छावणीचे सगळे फोन बंद कर, पण सिल्वाच्या खानावळीतला चालू ठेव. का, तर समोरून येणारी पोरं शरण आली की त्यांना आधी खायला द्यायचं आणि मग आईला फोन करू द्यायचा. अठरा-एकोणीस वर्षांची पोरं ती, जुन्या, मोठ्या देशाच्या कानाकोपऱ्यातून भरती केलेली. इटलीनं हल्ला केलाय असं सांगून त्यांना गाड्यांत बसवलं होतं. आईनं फोनवर एकदा 'घरी ये रे बाळा' म्हटलं, की कुठला पोरगा पुन्हा रणगाड्यात चढतो? शत्रूसाठी चमचे मोजून ठेवणारी लढाई तुम्ही ऐकलीय कधी? मी तर नाही ऐकली. नवऱ्याला मी रोज दहा शिव्या देते, पण हे डोकं ज्यांनी लढवलं, त्यांत तो होता, ह्याचा मला अभिमान आहे.

घोटाळा एकच झाला. लष्कराच्या गाड्या सीमेवरच्या चौकीकडे पुलावरून जातील असा अंदाज होता, म्हणून आमची सगळी माणसं पुलावर. जंगलातल्या रस्त्यावर, वळणाशी, ओंडक्यांनी भरलेले ट्रक आडवे लावून ठेवले होते आणि राखणीला सिरिल आणि ओझ्बेय. आणि गाड्या आल्या त्या नेमक्या जंगलातून! पुढे रणगाडे, मागे पोरांनी भरलेल्या गाड्या. सिरिल वनखात्यातला माणूस. लाकूड ओढायचे ट्रॅक्टर झाडीत जागोजाग उभे करून ठेवले होते, ते दोघांनी पळत जाऊन सगळे चालू केले. ओल्या फांद्या पेटवून ठिकठिकाणी धूर केला. अख्खं जंगल घरघरायला लागलं. सगळ्यात पुढचा रणगाडा थांबला. दुपारभर थांबला. संध्याकाळी पुलावरची माणसं येऊन पोचली, तेव्हा रणगाड्यातला कॅप्टन हात वर करून खाली उतरला. एक गोळी सुटली नाही. रात्री ती सगळी पोरं माझ्याकडे जवाची आमटी ओरपत होती.

"फसला!" सिरिल टेबलावर हात आपटून म्हणाला. "दोघांना शंभर समजला!"

नेझानं सगळं लिहून घेतलं आणि म्हणाली, "छान. आता कॅप्टनचं ऐकते."

"कुठल्या कॅप्टनचं?" मी विचारलं.

"त्याच, शरण आलेल्या. राडिवोय नाव आहे. सर्बियात असतात. मी बोलावलंय त्यांना, शनिवारी जेवायलाच येतील. दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय मी कुठलाही धडा घेत नाही."

तिला बाजूला घेऊन म्हटलं, "बाई गं, म्हातारा ह्या एका गोष्टीवर जगतोय. उगाच कशाला उकरून काढतेस?" ती म्हणाली, "काकू, गोष्ट खरी असेल तर काय बिघडतंय?" ह्या शिकलेल्या पोरींना काय सांगणार!

सिरिल मात्र खूश. "येऊ दे की! फसलेल्यानंच सांगावं कसा फसला ते." शनिवारी सकाळीच पांढरा शर्ट चढवून दाराकडे डोळे लावून बसला. नव्या नवरीसारखा.

राडिवोय आला तो वाकलेला, उंच, हातात टोपी धरून. आमची भाषा बोलत होता. हेल तिकडचा, पण चूक एक नाही. प्लमच्या दारूची बाटली सिरिलला दिली आणि मुरंब्याची बरणी माझ्या हातात ठेवली. "वहिनी, हा ब्रेदानं दिलाय. गुडघे दुखतात तिचे, नाहीतर आली असती." ब्रेदा हे तर आमच्याकडचं नाव! पण मी स्वयंपाकघरात गेले आणि ते डोक्यातून निघून गेलं.

मी श्ट्रुकली वाढली, चीज भरून उकडलेल्या वळकट्या. दोघं एकमेकांकडे बघेनात. मग सिरिलनं मिठाची बरणी ओढली, काटे आडवे लावले. राडिवोयनं जरा बघितलं आणि बरणी बोटभर मागे सरकवली.

"मी इथे होतो. ह्या बशीच्या अलीकडे."

"इथे? इथे तर नाला आहे!"

"नाल्यातच होतो. रणगाड्याचा डावा पट्टा जरासा चिखलात रुतला होता."

"तरीच!" सिरिल ओरडला. "ओझ्बेय म्हणत होता, हा तिरका का उभा आहे!"

मग काय, दोघं सुटलेच. कोण कुठे होतं, धूर कुठून निघत होता, वारा कुठला होता. राडिवोय म्हणाला, "ट्रॅक्टर मात्र झकास होते. मी लष्करात बरंच काही बघितलं, पण असलं झकास काही बघितलं नाही. प्रत्येकाचा आवाज वेगळा ठेवला होता तुम्ही."

"मुद्दाम!" सिरिलची छाती शर्टात मावेना. "एकाचा सायलेन्सर काढला होता. ओझ्बेयची अक्कल ती."

माझ्या जिवात जीव आला. तेवढ्यात नेझानं काटा खाली ठेवला. "कॅप्टन, समोर किती माणसं आहेत असा तुमचा अंदाज होता?"

राडिवोयनं माझ्याकडे बघितलं, मग बरणीकडे.

"दोन," तो म्हणाला.

सिरिल हसला. "दोनशे म्हणताय."

"दोन. तुम्ही आणि आणखी एक जण."

"कसं शक्य आहे? तुम्ही आत्ताच म्हणालात ट्रॅक्टर..."

"ट्रॅक्टर ऐकून शंभर वाटले होते. तोफेत गोळा भरायला सांगितला होता मी. पण तुमचा वायरलेस आम्हाला ऐकू येत होता. तुम्ही पुलावरच्या लोकांना सांगितलंत, 'मिद्वा इथे आहोत. मिद्वा धरून ठेवतो, काळजी करू नका.'" त्यानं तो शब्द अगदी आमच्यासारखा म्हटला. "दुसरा कुणी अधिकारी असता तर त्याला नुसतं 'आम्ही' एवढंच कळलं असतं. आमच्या भाषेत दोघं काय आणि दोनशे काय, शब्द एकच. पण माझी ब्रेदा तुमच्याकडची, प्तुई गावची आहे. लग्नाआधी वर्षभर तिनं माझ्याकडून हाच शब्द घोटून घेतला होता."

मी कपाळावर हात मारला. बंदुका मधमाश्यांखाली लपवल्या, चमचे मोजले, सायलेन्सर काढले. सगळं सगळं आखलं, आणि आपली भाषाच माणसं मोजून दाखवते हे एकाच्याही ध्यानात आलं नाही! येणार तरी कसं? तो शब्द आम्हाला ऐकूच येत नाही, इतका तोंडातला आहे. दुसऱ्या कुठल्या देशात ही चूक झालीच नसती.

सिरिलनं काटे एकेक करून उचलले आणि ओळीनं बशीत ठेवले. चेहरा असा पडला होता, की मला बघवेना. "म्हणजे फसला नाहीत तुम्ही," तो म्हणाला. "मीच ओरडून सांगितलं. आता ओझ्बेयला काय सांगू?" आणि उठून स्वयंपाकघरात गेला.

माझं डोकंच फिरलं. "एवढ्या लांबून हे सांगायला आलात होय?" मी राडिवोयवर तुटून पडले. "खाल्ल्या मिठाला तरी जागायचं! एक खोटं बोलला असतात तर जीभ झडली असती का?"

"वहिनी," तो शांतपणे म्हणाला, "खोटं बोलायला इतक्या लांब कशाला आलो असतो? ते फोनवर झालं असतं."

नेझानं पेन बाजूला ठेवलं. "दोनच आहेत हे कळलं होतं, तर पुढे का नाही गेलात? ओंडके ढकलायला रणगाड्याला कितीसा वेळ?"

"काहीच नाही लागत." राडिवोय हाताच्या नखांकडे बघत बोलायला लागला. "शंभर असते तर गेलो असतो, शपथेवर सांगतो. शंभर म्हणजे लढाई. ते मारतात, आपण मारतो, कोण कुणाला लागलं ते कळतही नाही. पण कानाला हेडफोन, आणि त्यात ब्रेदाचा शब्द. रोज संध्याकाळी घरी गेलो की ती म्हणायची, मिद्वा जेवू या. आणि इथे दोन माणसं ओंडक्यांमागे बसून एवढ्या रणगाड्यांना म्हणतायत, मिद्वा धरून ठेवतो. कोण असतील ही दोघं, असं मनात आलं. एकदा ते मनात आलं, की पट्ट्याखाली घालता येत नाही हो माणसाला. मला तरी नाही आलं. मी गोळा काढून ठेवायला सांगितला."

मी बघितलं, तर सिरिल स्वयंपाकघराच्या दारात उभा. हातात माझं फडकं, पिळून पिळून दोरी केलेली.

"आणि ट्रॅक्टर?" तो म्हणाला. "ते उगाचच का?"

"उगाच?" राडिवोय खुर्चीतच वळला. "अहो, ट्रॅक्टर नसते तर मी मेलो असतो! मागे छावणीत कर्नल वायरलेसवर बसला होता. पुढे का जात नाहीस म्हणून आई-बहिणीवरून शिव्या घालत होता. त्याला काय सांगू, समोर दोघं आहेत आणि माझं मन होत नाही? त्यानं तिथल्या तिथे मला हटवून दुसऱ्याला पुढे घातला असता. आणि तो दुसरा गेला असता तुमच्या अंगावरून. मी वायरलेसचा माईक झाकणातून बाहेर काढला आणि असा धरला, जंगलाकडे." त्यानं हात लांब करून दाखवला. "म्हटलं, तुम्हीच ऐका कर्नलसाहेब. शंभराच्या वर आहेत. रणगाडेही असावेत. तो ऐकत राहिला आणि म्हणाला, बापरे, थांब तिथेच. तो बिनसायलेन्सरचा होता ना, तो त्याला रणगाडा वाटला."

"ओझ्बेयचा!" सिरिल म्हणाला.

"त्याचाच असेल. तुम्ही फसवलंत, पण मला नाही, कर्नलला. मला थांबायचं होतं आणि थांबायला कारण पाहिजे होतं. ते तुम्ही आधीच तयार करून ठेवलं होतं. आडवे ट्रक, धूर, आवाज, सगळं. माझ्या पोरांना आमटीसुद्धा. त्या दिवशी माझ्यासाठी एवढी तयारी आमच्या लष्करातल्या एकानंही केली नव्हती. सांगायला आलो ते हे, पण तुम्ही मधेच उठून गेलात."

सिरिल आला, खुर्चीत बसला आणि त्यानं बरणी आपल्यापुढे ओढून घेतली. "पुढे तुमचं काय झालं?"

"काय होणार? लष्करातून काढलं. गाडी चालवायला शिकवायचो मग. लोकांना पहिला धडा ब्रेक दाबायचा देत होतो."

पहिली मीच हसले. मग सिरिल, मग नेझासुद्धा. नेझानं डोळे पुसले आणि पेन उचललं. "घेते," ती म्हणाली. "वळण घेते पुस्तकात. आखणी उत्तम. अंमलबजावणी उत्तम. फक्त ती वायरलेसवरची चूक..."

"ती गाळू नका, मेजरबाई," सिरिल म्हणाला. "ठळक लिहा. कमांडरनं वायरलेसवर मिद्वा म्हटलं आणि आपली माणसं मोजून दिली. नाव माझं घाला. ओझ्बेयचं ट्रॅक्टरपाशी घाला."

"पण काका, ती चूक झाली नसती तर ह्यांनी तोफ डागली असती. मग मुलांना शिकवू काय? चूक करा म्हणून?"

"जव भरायला शिकव," मी म्हटलं. मला राहवलंच नाही. "समोरच्यांचंही पोट आहे, त्यांनाही आया आहेत, हे ध्यानात ठेवून जे आखतात, त्यांची एखादी चूकही पथ्यावर पडते. हे लिही. आणि श्ट्रुकली खा, गार झाली."

तिनं खरंच लिहिलं. मग खाल्लं.

सिरिल उठला, खुंटीवरची टोपी घेतली. मी विचारलं, "कुठे निघालास?"

"ओझ्बेयकडे. कबूल केलंय ना त्याला."

राडिवोयही उठून उभा राहिला. दोघं तसेच उभे, टोप्या हातात. सिरिलनं त्याच्याकडे खालीवर बघितलं. "चल मग, राडिवोय. नाल्यात कसा रुतलास ते त्याला तूच सांग. माझं ऐकणार नाही तो." मग दारातून मागे वळून मला म्हणाला, "सिल्वा, मिद्वा जरा जाऊन येतो."

सहज म्हणाला. त्याच्या लक्षातही आलं नाही. माझ्या आलं. मी ताटं उचलायच्या निमित्तानं आत गेले आणि रडून घेतलं. त्यात लाज कसली?

चर्चचं आवार आमच्या खिडकीपासून हाकेच्या अंतरावर आहे. थोड्या वेळानं तिकडून सिरिलचा आवाज आला. "ओझ्बेय! आलं रे, पुस्तकात आलं!" असा ओरडत होता, की रस्त्यावरची माणसं थांबली. आणि त्याच्या मागोमाग दुसरा आवाज, तिकडच्या हेलातला, त्याहून मोठा.

"ट्रॅक्टर झकास होते हो!"